राखीवातल्या घोड्या आणि भैय्यालालकडची वरात

करंजटोल्यात सेवकराम तुरकरला नावाने हाक मारणारा माणूस शोधून सापडायचा नाही. पोरंटोरं त्याला कंडक्टर आबा म्हणतात, बरोबरीचे नुसतं कंडक्टर म्हणतात, आणि बायको रामबाई ‘अवो’ म्हणते. त्या ‘अवो’चा सूर ऐकूनच आज ताटात गरम भात पडणार की कालचा, हे सेवकरामला आधी कळतं. एसटीच्या गोंदिया आगारात त्याचा जन्म गेला. आमगाव, सालेकसा, देवरी, तिरोडा, कुठली गाडी म्हणून सोडली नाही. अंगात खाकी असली की समोर आमदार असो की आंधळा भिकारी, ‘आगे बढो, आगे’ हे एकाच आवाजात.

रिटायर झाला आणि खाकी पेटीत गेली, पण कंडक्टर काही पेटीत गेला नाही. पहिले काही महिने त्याने घर चालवून पाहिलं. सकाळी खुराडं उघडून कोंबड्यांना ‘एकेक, एकेक, धक्का नाही’ म्हणायचा. सून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली की तिला ‘दारात थांबू नका’ सांगायचा. पाहुणा आला की कुठून आला, कुठे जाणार आणि मध्ये कुठे उतरणार हे विचारल्याशिवाय चहा यायचा नाही. शेवटी रामबाईने कंबरेवर हात ठेवले.

“अवो, आमी काई पासिंजर नाई. दिवसाचे दोन घंटे तरी कुठी जाऊन येत जा ना. घराले थोडा श्वास घेऊ द्या.”

सेवकरामला नेमकं जायला ठिकाण मिळालं, ते राखीव.

राखीव म्हणजे तलावाच्या वरच्या अंगाची, पाणी ओसरलं की उघडी पडणारी जमीन. तलाव जुना. मनिराम कापगते सांगतो की तो त्याच्या खापरपणज्याने बांधला. आणि मनिराम हे इतक्या वेळा सांगतो की आता तलावालासुद्धा ते पाठ झालं असेल. पूर्वी तिथे गावभरची गुरं चरायची. मग घराघरात ट्रॅक्टर आला, बैल गेले, गायी कमी झाल्या, आणि गवत माणसाच्या छातीला लागलं. सारसाची एक जोडी तिथे यायची, तीही यायची थांबली. उंच गवतात सारस उतरत नाही. त्याला चारी बाजूंना मोकळं दिसावं लागतं. तेव्हा गावाने ती जागा पाखरांसाठी राखून ठेवायचं ठरवलं आणि एक समिती केली. अध्यक्ष अर्थातच मनिराम.

गवत खायला कोण आणायचं, हा प्रश्न गोंदियातल्या एका वरातीवाल्याने सोडवला. नवरदेव उघड्या मोटारीतून यायला लागले, त्याच्या घोड्यांना कोणी विचारेना. म्हातारपणी त्यांना बाजारात विकायला त्याचा जीव होईना. शहरातली प्राणी-पाखरांचं काम करणारी एक संस्था मध्ये पडली आणि चार घोड्या व एक तट्टू टेम्पोतून करंजटोल्याच्या राखीवात उतरले. दावं नाही, लगाम नाही, जरीचं खोगीर नाही. जन्मभर नवरदेव पाठीवर घेऊन फिरलेल्या बायका, आता माहेरी आल्यासारख्या लोळायला लागल्या. वर्षभरात गवत गुडघ्याखाली आलं. सारस परत आले.

घोड्या मोकळ्या, पण वाऱ्यावर नाहीत. रोज एकाने जाऊन त्यांना पाहून यायचं, असं संस्थेच्या मॅडमनी ठरवून दिलं. चाल सरळ आहे का, खुरात काही रुतलं आहे का, डोळ्याला पाणी आहे का, लीद कशी आहे, अंगावर जखम-गोचीड आहे का. हे सगळं लांबून. हात लावायचा नाही, बांधायचं नाही, हाकायचं नाही. आपलं काम फक्त पाहायचं. पगार नाही, खाकी नाही, सावलीसुद्धा नाही. या कामाला गावातून दोनच माणसं पुढे आली: एक अंगणवाडीतली रविता, आणि दुसरा आपला कंडक्टर.

मॅडमनी शिकवायला बोलावलं तेव्हा सेवकरामने पहिला प्रश्न विचारला, “लीद कोणाची, हे कसं ओळखाचं? नाव तर राहत नाई तिच्यावर.”

रविता तोंडाला पदर लावून हसली. पण महिनाभरात सेवकराम लीद पाहून सांगायला लागला की ही लालीची, ही गट्टू तट्टाची. रामबाईने हे जेवताना ऐकलं आणि ताट उचलून ओसरीवर नेऊन ठेवलं.

पाचांत त्याचा जीव अडकला चांदणीत. पांढरी, कपाळावर करडा ठिपका, मान अशी वाकडी करून उभी राहणार की फोटोवाला समोर असावा. सेवकराम राखीवाच्या टोकाला पोचला की बाकीच्या चरत राहायच्या. ही मान वर करून त्याच्याकडे पाहायची, कान हलवायची आणि पाठ फिरवायची. सेवकरामला ते फार आवडायचं. तीस वर्षं ज्याला सगळे जण ‘सुट्टे नाहीत’ एवढंच सांगत आले, त्याच्याकडे कोणीतरी काही न मागता पाहत होतं.

आता कंडक्टरचं दुसरं अंग सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. सेवकराम नागीण आहे.

म्हणजे वरातीत. आपल्याकडे बँडवर नागीण निघाल्याशिवाय वरात दारी लागत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. नागिणीला दोन माणसं लागतात: एकाने डोक्यावर हाताचा फणा करून जमिनीवर लोळायचं, दुसऱ्याने दातात रुमाल धरून पुंगी वाजवायची. पंचक्रोशीत नागीण सेवकराम आणि पुंगीवाला मुन्नालाल. मुन्नालाल हा गावातल्या भैय्यालाल कटरेचा साळा, म्हणजे मेहुणा, शेजारच्या गावचा, पोट असं की पुंगी वाजवताना त्याला वाकताच येत नाही. नागिणीलाच वर यावं लागतं. पंचवीस-तीस वर्षांची जोडी. लगनपत्रिकेत त्यांची नावं छापत नाहीत एवढंच.

फाल्गुन उजाडला आणि गोष्ट बिघडली.

राखीव आणि डांबरी रस्ता यांच्या मधोमध भैय्यालालच्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, आहेत. त्याने बोअरच्या पाण्यावर उन्हाळी धान लावला होता. पोपटी, दाट, पाहून डोळे निवतील असा. एका दुपारी चांदणी आणि बाकीच्या राखीवातून निघाल्या, धान तुडवत सरळ रस्त्यापर्यंत गेल्या आणि थोड्या वेळाने आल्या तशा परत गेल्या. धानात मोठी वाट पडली. आठवड्याने पुन्हा तेच. मग पुन्हा.

भैय्यालाल माणूस वाईट नाही. पण त्याच्या धानाला कोणी हात लावला की त्याला वाटतं त्याच्या मिशीला हात लावला. समितीच्या बैठकीत तो उभाच राहिला.

“मनिराम भाऊ, पाखरं राखा, सारस राखा, डायनासोर राखा. पण माया बांधीत घोडे कायले?”

सेवकराम म्हणाला, “खात नाई गा त्या. एक लोंबी तोडली असन तर सांग. नुसत्या जातेत.”

“जातेत मंजे? माही बांधी का नॅशनल हायवे आहे?”

लोक हसले. मनिरामने हात वर केला. तो म्हणाला, भैय्यालालचं नुकसान खरं आहे. अजून एकदा जनावर बांधीत घुसलं, तर संस्थेला कळवून घोड्या घेऊन जायला सांगायचं. मग संस्था त्यांना कुठे नेईल ते नेईल. अध्यक्षाचा शब्द.  त्या रात्री सेवकरामने भात अर्धाच खाल्ला. रामबाईने कपाळाला हात लावून ताप पाहिला. ताप नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून तो राखीवात दोनदा जायला लागला. जायचं तर जायचं, पण घोड्या का जातात, तेच कळेना. गवत आहे, पाणी आहे, चावणारी माशी आहे तीसुद्धा दोन्हीकडे सारखीच. रविता म्हणाली, “काका, कुत्रं लागत असन मागं.” कुत्रं नव्हतं. मॅडमना फोन केला, त्या म्हणाल्या पाहत राहा. पाहणं तर चालूच होतं!

कोडं सोडवलं ते रामबाईने, आणि तेही कोड्याकडे न पाहता. ती आरशासमोर टिकली लावत होती.

“आज पुन्हा जातीन पाहा तुमच्या महाराण्या.”

“तुले कसं मालूम?”

“आज लगन आहे ना छोटेलालच्या पोट्टीचं. मागच्या खेपी गेल्या, तवा बिसेनाकडचं होतं. त्याच्या पहिले देवळावरून वरात गेली होती. मी लगनाले निघाली का तुमी घोड्याचं रडगाणं घेऊन येता. काऊन, ध्यानात नाई आलं?”

सेवकराम चप्पलसुद्धा न घालता धावला. रस्त्यावर बँड लागला होता. आणि तिकडे राखीवात चांदणीने मान उचलली, कान रस्त्याकडे केले, आणि पुढचा एक पाय उचलून टेकवला. उचलून टेकवला. ताशाच्या ठेक्यावर. बिचारीला वाटलं असेल, ड्युटी लागली. जन्मभर बँड वाजला की पुढे जायचं, नाचणाऱ्यांच्या मागे चालायचं, हेच शिकलेली. नशीब की ती वरात लहान होती, मारुतीच्या देवळापर्यंत न येता वळली. घोड्या धुऱ्यापर्यंत, म्हणजे भैय्यालालच्या शेताच्या बांधापर्यंत, येऊन थांबल्या. सेवकराम धुऱ्यावर घामाघूम उभा होता. त्याचा आणि चांदणीचा चेहरा सारखाच दिसत होता, म्हणतात.

कारण कळलं, पण औषध कुठे होतं? पुढची मोठी वरात कोणाची होती, ठाऊक आहे? भैय्यालालच्या थोरल्याची, खुमेंद्रची. नवरदेव आधी मारुतीच्या पाया पडायला जाणार, म्हणजे वरात त्याच डांबरी रस्त्याने, त्याच धानाच्या कडेने. मग सगळे गाड्यांत बसून सालेकशाकडे, नवरीच्या गावी. बँड आमगावचा, मोठा, पांढऱ्या डगल्यांचा.

सेवकराम संध्याकाळी भैय्यालालकडे गेला. अंगणात मांडव चढत होता. चहा आला. सेवकरामने बशीत ओतला, प्यायला, आणि मग म्हणाला, “भैय्यालाल, एक बिनती होती. तुया बांधीपासून देवळापर्यंत बँड नोको वाजवू. तेवढंच. मंग वाजव वाटल तेवढा.”

भैय्यालालने बशी खाली ठेवली.

“कंडक्टर, माया पोट्ट्याची वरात आहे का मयत?”

“घोड्या येतेत गा बँड ऐकून. तुयाच धानात येतीन.”

“तर येऊ दे. आल्या का तुया चांदणीले टेम्पोत बसव अन् डबल बेल मार.” मग आवाज जरा खाली आणून म्हणाला, “अन् तू वरातीले ये. नागीण नाई आली तर मुन्नालाल मले जीता सोडणार नाई.”

सेवकरामने बशी बाजूला सरकवली. उठला. भैय्यालालला वाटलं, हा वरातीला येणार हे ठरलं.

घोड्यांना बांधायचं नाही, हाकायचं नाही. बँड थांबायचा नाही. मग उरतं काय? रविताने डोकं चालवलं. ती पोरांना रोज गाणं लावून एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात नेते. तिला ते सोपं वाटलं. “काका, बँड ऐकून येतेत ना? मंग आपण पहिलेच दुसऱ्या टोकाले बँड लावू. त्या आपल्याकडं येतीन.”

“बँड कुठचा आणू मी?”

“पिपा तर आहे ना घरी?”

लगनाच्या दिवशी दुपारी रामबाई नव्या जांभळ्या साडीत, अंबाड्यात मोगरा घालून तयार. सेवकराम जुन्या पायजम्यात.

“हे का घालून येऊन राहिले तुमी?”

“मी वरातीले नाई येत. राखीवात जातो.”

रामबाईने त्याच्याकडे पाहिलं. त्यांच्या पवार समाजात गावातल्या लगनाला न जाणं म्हणजे काय, हे तिला सांगायला नको होतं. दोन पिढ्या बोलतील. त्यात भैय्यालाल नात्यातला. त्यात तिची साडी. तिने नव्या साडीचा पदर खोचला. मग स्वयंपाकघरात गेली, तेलाचा रिकामा पिपा घेऊन आली आणि दोन लाटणी.

“तुमाले ताल कुठचा येते. चला.”

तर अशी ती फौज निघाली. पुढे रविता, मागे पिपा घेऊन जांभळी साडी, त्याच्या मागे कंडक्टर. राखीवाच्या पार दुसऱ्या टोकाला, रस्त्यापासून लांब, कोरड्या गाळाच्या मैदानावर त्यांनी ठाण मांडलं. सारस लांब पाण्याच्या कडेला होते. त्यांना फार त्रास नको म्हणून हे तिघं त्यांच्याकडे पाठ करून बसले. वरातीचा आवाज यायच्या आधीच रामबाईने पिपा पायात धरला आणि लाटणी चालवली. धडधड-धिक, धडधड-धिक. माहेरी दसऱ्याला डफावर बसायची ती. हात विसरला नव्हता.

आधी गट्टू आला. मग लाली. मग उरलेल्या दोघी, त्यांत कधीच कोणाचं न ऐकणारी बिजलीही. चांदणी शेवटी आली, मान वाकडी करून, जणू बोलावणं घरी येऊन द्यायला हवं होतं. थोड्या अंतरावर थांबली आणि पाय उचलून टेकवायला लागली.

“आल्या!” रविता म्हणाली. सेवकरामने छातीवर हात ठेवला.

तेवढ्यात रस्त्यावर आमगावचा बँड वाजला. अहो, पिपा तो पिपा आणि बँड तो बँड. कर्णे, ताशे, तो मोठा ढोल. चांदणीचे कान फिरले. तिने एकदा पिप्याकडे पाहिलं, एकदा रस्त्याकडे. मग तिने तोंड फिरवलं आणि रस्त्याकडे चालायला लागली. तिच्या मागे लाली. रामबाईने जिवाच्या आकांताने लाटणी आपटली, एक तुटलं.

“गेली,” सेवकराम म्हणाला.  

“काका, नाचा!” रविता ओरडली. “घोडी नाचणाऱ्याच्या मागं चालते! नाचा ना!”

सेवकराम तीन गोष्टी करू शकतो: तिकीट फाडणे, जेवणे आणि नागीण. त्याने दोन्ही हात डोक्यावर नेले, फणा केला, कंबर वाकडी केली आणि गुडघ्यावर आला. मग आडवा. गाळाच्या धुळीत, साठी उलटलेला कंडक्टर, लोळत, फुत्कारत, फणा डोलवत चांदणीच्या वाटेवर आडवा आला. पिपा धडधडतोय, जांभळी साडी एका लाटण्यावर आलेली. चांदणी थबकली. असा नवरदेवाकडचा माणूस तिने शंभर वेळा पाहिला होता. तिने मान खाली घेतली, नाकातून वारा सोडला आणि त्याच्या मागे वळली. नागीण सरपटत मागे हटतेय, घोडी पाय उचलून टेकवत तिच्या मागे येतेय. लाली मागोमाग.

हे सगळं रस्त्यावरून दिसत होतं. धान गुडघ्याएवढा, राखीव सपाट, ऊन लख्ख.

वरातीत मुन्नालाल सकाळपासून फुगून बसला होता. “नागीण कुठी आहे? नागिणीले सांगतलं होतं का नाई?” प्रत्येकाला विचारून झालं होतं. बँडने नागीण वाजवली तेव्हा तो रुमाल हातात धरून एकटाच उभा होता, बाजारात हरवल्यासारखा. आणि मग त्याची नजर धानावरून पलीकडे गेली.

त्याची नागीण. दुसरीकडे नाचतेय. पुंगीशिवाय.

मुन्नालालने कोणाला काही सांगितलं नाही. रुमाल दातात धरला, धोतर खोचलं आणि भैय्यालालच्या धानात उतरला. सरळ रेषेत. बांधीत पाणी सोडलेलं होतं, पोटऱ्यांपर्यंत चिखल. पण तीस वर्षांची पुंगी थांबते होय? त्याच्या मागे त्याचे दोन भाऊ, मग छोटेलाल, मग ज्यांना कुठे चाललेत हे माहीत नाही पण जोर चढलेला असे सगळे. कोणाचे बूट रुतले ते तिथेच राहिले. एक काळा सूट बसला तो बसलाच. त्याला दोघांनी काखेत धरून काढला. बँडवाल्यांनी पाहिलं की नाचणारे तिकडे गेले. त्यांचं काम नाचणाऱ्यांपुढे वाजवणं. तेही उतरले, पांढऱ्या डगल्यांसकट, कर्णा डोक्यावर धरून.

“अरे धान! अरे माहा धान!” भैय्यालाल ओरडत होता. कोण ऐकतंय! शेवटी वरात परत आणायला तोही धावला. आणि घाईच्या माणसाने काय करावं? धुऱ्यावरून वळसा घालायला त्याला वेळ नव्हता. तोही बांधीतूनच.

रस्त्यावर राहिला फुलांनी सजवलेल्या मोटारीत एकटा नवरदेव. त्याचा फोन वाजला. नवरी, भूमेश्वरी.

“निघाले का?”

“नाई अजून. सगळे घोड्या पाहाले गेले.”

“कोणाच्या घोड्या?”

“आमच्या गावच्या आहेत. मोकळ्या राहतेत. थांब, दाखवतो.” त्याने बाशिंग वर सारून फोन उंच धरला.

पलीकडे तर जत्रा. मुन्नालाल पुंगी, सेवकराम नागीण, आमगावचा बँड, रामबाईचा पिपा आणि पाच घोड्या. गट्टू जरा उलट्या दिशेने, पण ठेक्यात. भैय्यालाल चिखलाने माखून पोचला आणि ‘मुहूर्त! अरे मुहूर्त जाऊन राहिला!’ म्हणता म्हणता त्याचे खांदे ढोलावर हलायला लागले. हे त्याने नंतर साफ नाकारलं. पण पाहिलं सगळ्यांनी.

लगन लागलं. उशिरा लागलं, पण लागलं. नवरीकडच्यांनी वऱ्हाडाचे पाय धुवायला म्हणून पाण्याचे दोन टँकर बोलावले, असं म्हणतात, एक असेल. सेवकराम आणि रामबाई शेवटच्या गाडीत, धुळीसकट, बसून गेले. पंगतीत सेवकरामने चार वेळा बुंदी घेतली.

आठवड्याने समितीची बैठक झाली. सेवकराम कोपऱ्यात, सगळ्यांच्या मागे. नाचला खरा, पण निर्णय अजून व्हायचा होता, आणि धानात या टोकापासून त्या टोकापर्यंत ट्रॅक्टर फिरल्यासारखी वाट पडली होती. भैय्यालालने मनात आणलं असतं तर गावाकडून सगळं वसूल केलं असतं.  

मनिराम चष्मा पुसून म्हणाला, “भैय्यालाल, तुया बांधीत पुन्हा घुसले, असं कानावर आलं. कोण घुसलं ते बैठकीसमोर सांग. राखीवाचे जनावर होते का?”

भैय्यालाल उभा राहिला. बसला. पुन्हा उभा राहिला.

“नाई. जनावर नाई घुसले.”

“मंग कोण?”

“माये सोयरे.”

बैठक अशी हसली की शाळेच्या ओसरीवरचं कबुतर उडून गेलं. मागून कोणीतरी म्हणालं, “मंग सोयऱ्यांले द्या ना पाठवून!” भैय्यालालच्या मिशा थरथरल्या, पण तोही हसला, न हसून करतो काय, पहिला साळाच उतरला होता. मनिरामने टेबल वाजवलं. तो म्हणाला, अध्यक्षाचा शब्द जनावरांबद्दल होता, सोयऱ्यांबद्दल काही ठरलं नव्हतं. म्हणून घोड्या राहतील. मात्र यापुढे लगनाच्या दिवशी त्यांच्याजवळ माणूस हवा. पिपा गावातर्फे.

“अन् लाटणं?” रामबाईने बायकांमधून विचारलं. “माहं तुटलं.”

लाटणंही गावातर्फे मंजूर झालं.

घरी जाताना सेवकराम जिथे तिथे थांबून लोकांशी उगाच बोलत होता. रामबाई पुढे निघून गेली. भूमेश्वरी, नवी नवरी, भैय्यालालच्या दारात उभी होती, तिने डोक्यावर पदर घेऊन विचारलं, “आबा, मी येऊ का कधी पाहाले? मी फोनवरून पाहिल्या त्या दिवशी.”

“ये ना बेटा. पण बस पाहाचं हां. हातबित लावाचा नाई.”

आता तिघं झाले. पाळ्या लावून जातात. भूमेश्वरीला लीद ओळखता येत नाही अजून, पण खुरं चांगली पाहते.

उन्हाळी धान कापला गेला. भैय्यालालला यंदा कमी झाला, पण पहिल्यासारखा ओरडत नाही. एका संध्याकाळी तो राखीवाच्या कडेला आला, आपला धुरा पाहायला आल्यासारखा. सेवकराम तिथे दगडावर बसलेला.  घोड्या उथळ पाण्यात उभ्या होत्या, शेपट्या हलवत.

“कंडक्टर,” भैय्यालाल म्हणाला, “ती पांढरी. धाकट्याच्या, उमेंद्रच्या लगनात मिळन का? एक दिवस. मारुतीपर्यंत.”

“नाई.”

“काऊन? तिले नाचता येते. मी पाहिलं ना.”

“येते. पण आता तिले कोणाच्या बोलावण्यावर नाई जा लागत.” सेवकरामने जरा सरकून दगडावर जागा केली. “तिच्या मनात असन तर नाचन. बस तू. पाहून जा.”

भैय्यालाल आधी धुऱ्याकडे पाहत राहिला. मग बसला. चांदणीने मान वर करून दोघांकडे पाहिलं आणि दोघांकडेही पाठ फिरवली.

“लईच नखरेवाली आहे,” भैय्यालाल म्हणाला, आणि अंधारेपर्यंत उठला नाही.